मुलाच्या वयाला साजेसा व्हिडिओ गेम भेट देताना

भाच्याला वाढदिवसाला गेम हवा आहे, आणि मामाने स्वतः कधी कंट्रोलर हातात धरलेला नाही. अशा वेळी बहुतेक जण दुकानदाराला मुलाचं वय सांगतात, तो देईल ते खोकं बांधून घेतात आणि खोक्यावरचा आकडा वयाशी जुळला की निर्धास्त होतात. पण तो आकडा एवढंच सांगतो की हा गेम कोणाला देऊ नये. कोणाला द्यावा, हे त्यावरून कळत नाही. ते कळायला त्या मुलाबद्दल आणि त्याच्या घराबद्दल थोडी माहिती लागते. ती मिळवायला फार वेळ लागत नाही, फक्त क्रम नीट हवा.

सगळ्यात आधी आईवडिलांना फोन

सरप्राइज मुलाला द्या, त्याच्या आईवडिलांना नको. घरात कोणतं यंत्र आहे, कोणते गेम आधीच आहेत, ऑनलाइन खेळायची परवानगी आहे का, घरात कोणत्या गोष्टी चालत नाहीत, एवढं विचारून घ्या. बंदुका नकोत असं एका घरात असतं, तर दुसऱ्या घरात भुताखेतांचं काही नको असतं, कारण धाकटी बहीण त्याच खोलीत झोपते. हे नियम तुम्हाला पटोत न पटोत, गेम त्या घरात खेळला जाणार आहे.

मग आणखी एक प्रश्न विचारा: सध्या तो काय खेळतो, आणि कुठे अडकतो? या उत्तरातून जेवढं कळतं तेवढं वयावरून कळत नाही. 'पाट्या वाचून दाखवाव्या लागतात' असं उत्तर आलं, तर भरपूर मजकुराचा गेम बाद. 'हरला की रडतो' असं असेल, तर एकमेकांविरुद्ध खेळायच्या गेमपेक्षा दोघांनी मिळून खेळायचा गेम बरा. 'अडकतच नाही, दोन दिवसांत संपवतो' असं म्हणाले, तर वयापेक्षा अवघड गेम बघायला हरकत नाही, मात्र त्यातला आशय वयाला शोभणारा हवा.

यंत्राचं नेमकं नाव

'त्याच्याकडे प्लेस्टेशन आहे' एवढी माहिती पुरत नाही. यंत्राचा आणि त्याच्या खोक्याचा फोटो मागवा. प्लेस्टेशन ५ च्या डिजिटल आवृत्तीला डिस्क घालायची जागाच नसते, २०२३ पासूनच्या बारीक आवृत्तीला ते उपकरण वेगळं विकत घेऊन जोडता येतं, २०२० च्या मूळ आवृत्तीला तेही नाही. एक्सबॉक्स सिरीज एसमध्येही डिस्क चालत नाही. अशा यंत्रासाठी डिस्कचं खोकं नेलं, तर मुलाच्या हातात नुसतं चित्र राहतं.

निन्टेन्डोच्या बाबतीत गोंधळ जास्त होतो. २०१७ चा स्विच आणि २०२५ चा स्विच २ ही वेगळी यंत्रं आहेत. जुन्या स्विचचे बहुतेक गेम नव्यावर चालतात, पण स्विच २ साठी काढलेला गेम जुन्या स्विचवर चालत नाही. तिसरा प्रकार स्विच लाइट. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. त्यामुळे २०१८ चा 'सुपर मारिओ पार्टी'सारखा सुटे जॉय-कॉन (स्विचचे छोटे कंट्रोलर) हातात धरूनच खेळायचा गेम लाइटवाल्या मुलाला दिला, तर जॉय-कॉनचा जोड वेगळा घ्यावा लागेल.

खोक्यात नेमकं काय आहे तेही वाचा. काही खोक्यांत फक्त एक कोड असतो, आणि तो एकदा वापरला की गेम त्या खात्याला कायमचा चिकटतो. स्विच २ च्या 'गेम-की कार्ड'मध्ये कार्ड असतं, पण त्यावर गेम नसतो. गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत ठेवावं लागतं. घरातलं इंटरनेट संथ असेल किंवा यंत्रातली जागा भरत आली असेल, तर याने फरक पडतो.

दुसऱ्या देशातून गेम आणणार असाल, तर स्विच आणि प्लेस्टेशन ५ चे गेम सहसा कुठल्याही देशात चालतात. अडचण येते ती गिफ्ट कार्डांची. ती ज्या देशाच्या दुकानासाठी असतात, त्याच देशाच्या खात्यावर चालतात. प्लेस्टेशनच्या डिस्कला पुढे जोडभाग (मूळ गेममध्ये भर घालणारे भाग) विकत घ्यायचे झाले, तर तेही डिस्कच्या प्रदेशाशी जुळावे लागतात.

संगणकासाठी गेम घेताना त्याची किमान गरज आणि घरातल्या संगणकाची क्षमता ताडून पाहा. हे स्वतःला जमत नसेल, तर घरातल्या जाणत्या मुलाला विचारा, त्याला लगेच सांगता येईल.

रेटिंग वाचायचं कसं

अमेरिकेत गेमना वयाचं रेटिंग देणारी ईएसआरबी ही संस्था १९९४ मध्ये सुरू झाली. गेममधल्या हिंसेवरून त्याआधीच्या वर्षी तिथल्या सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या होत्या, त्यातून ती उभी राहिली. तिची अक्षरं अशी: 'ई' सर्वांसाठी, 'ई १०+' दहा वर्षांपुढे, 'टी' तेरापुढे, 'एम' सतरापुढे, 'एओ' फक्त प्रौढांसाठी. युरोपातली पेगी ही रेटिंगची पद्धत २००३ पासून आहे आणि ती सरळ आकडे देते: ३, ७, १२, १६, १८. जर्मनी, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. दुकानात तुमच्या हाती यांपैकी कोणतंही खोकं येऊ शकतं.

एकाच गेमला दोन संस्था वेगळं वय देतात, हे लक्षात असू द्या. 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला ईएसआरबीने ई १०+ दिलं, पेगीने १२. अशा वेळी कोण बरोबर, या वादात न पडता वय का वाढवलं ते शोधा. त्यासाठी खोक्याच्या मागची बाजू बघा. आशयाची चिन्हं किंवा शब्द तिथे असतात: हिंसा, भीती, शिवराळ भाषा, जुगार, अमली पदार्थ, गेममधली खरेदी. घोड्यावर बसून काल्पनिक राक्षसांशी तलवारीने लढणं वेगळं आणि माणसाला माणसाने मारताना रक्त दिसणं वेगळं. दोन्हींवर 'हिंसा' हाच शब्द असतो. म्हणून ईएसआरबीच्या संकेतस्थळावर त्या गेमचं नाव टाकून छोटा परिच्छेद वाचा. नेमकी कोणती दृश्यं आहेत आणि कशा प्रकारचे शब्द कानावर पडतात, हे त्यात साध्या भाषेत लिहिलेलं असतं. संपूर्ण निवडीत सगळ्यात उपयोगी दोन मिनिटं मी यालाच म्हणेन.

मोबाइलवरचे आणि फक्त ऑनलाइन मिळणारे गेम बऱ्याचदा वेगळ्या वाटेने रेटिंग घेतात. गेम बनवणारा एक प्रश्नावली भरतो आणि त्यावरून वय ठरतं. खोक्यातल्या गेमइतकी बारकाईची तपासणी तिथे आधी झालेली नसते, म्हणून फोनवरच्या गेमच्या आकड्यावर जरा कमी विसंबा.

आता रेटिंग काय मोजत नाही, ते बघू. ते अवघडपणा मोजत नाही. बुद्धिबळाच्या गेममध्ये आक्षेपार्ह काहीच नसतं, त्यामुळे त्याला सगळ्यात लहान वय मिळतं. म्हणून चार वर्षांचं मूल तो खेळू शकेल असं नाही. 'ग्रॅन टुरिस्मो ७'ला पेगीने ३ दिलं आहे, पण त्यातली गाडी वळणावर सांभाळताना मोठ्यांच्याही नाकी नऊ येतात. ऑनलाइन समोर येणारी माणसं काय बोलतील, हेही रेटिंग मोजत नाही आणि मोजू शकतही नाही.

'वर्गातले सगळे खेळतात' हा युक्तिवाद तुमच्याही कानावर येईल. 'जीटीए ५' हा एम आणि पेगी १८ आहे आणि तो खेळणारी दहा-अकरा वर्षांची मुलं सगळीकडे सापडतील. तरीही माझं मत ठाम आहे: भेट म्हणून तो देऊ नका. आईवडिलांनी आपल्या जबाबदारीवर काही ठरवलं तर तो त्यांचा निर्णय, पण पाहुण्याने तो निर्णय त्यांच्या दारात आणून ठेवू नये.

हात, डोळे आणि वाचन

तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सगळ्यात जड जातं ते कंट्रोलरवरच्या दोन काड्यांचं काम: एका अंगठ्याने पात्र चालवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने कॅमेरा फिरवायचा. मोठ्यांना हे जाणवतही नाही. या वयासाठी बाजूने दिसणारा, कॅमेरा स्वतःच सांभाळणारा किंवा बोटाने स्पर्श करून खेळायचा गेम शोधा. आणि मदतीची सोय बघा. 'मारिओ कार्ट ८ डीलक्स'मध्ये गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देण्याची आणि आपोआप वेग धरण्याची सोय आहे, त्यामुळे अगदी लहान मूलही मोठ्या भावंडांबरोबर शर्यतीत राहतं. 'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये असिस्ट मोड (गेम सोपा करणारी सोय) आहे आणि दुसरा खेळाडू मारिओची टोपी चालवू शकतो. म्हणजे आई मारिओ आणि मूल टोपी, किंवा उलट. या वयात भेट जमून येते ती अशा जोडीने.

सहा ते आठ या वयात वाचन हा कळीचा मुद्दा. 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' दिसायला अतिशय गोड, रेटिंगही सर्वांसाठी, पण त्यातले प्राणी सतत बोलतात आणि ते सगळं वाचावं लागतं. मुलाला सरावाने वाचता येणारी भाषा गेममध्ये आहे का, ते खोक्याच्या मागे किंवा ऑनलाइन दुकानाच्या पानावर लिहिलेलं असतं. याच गेमची आणखी एक गोष्ट भेट देणाऱ्याला माहीत हवी: एका स्विचवर एकच बेट तयार होतं. घरात आधीच ताईचं बेट असेल, तर धाकट्याला तिच्याच बेटावर राहावं लागतं आणि बेटाचे मोठे निर्णय तिच्याच हाती राहतात. भांडणाला आमंत्रण.

नऊ ते अकरा हे वय गेम भेट द्यायला सगळ्यात छान. हात तयार झालेले असतात, वाचन येतं, कुतूहल भरपूर असतं. 'माइनक्राफ्ट' (पेगी ७, ईएसआरबी ई १०+) या वयाला अजूनही उत्तम. अंधारात येणाऱ्या राक्षसांना मूल घाबरत असेल, तर 'पीसफुल' पातळी निवडली की ते येतच नाहीत आणि नुसतं बांधकाम करत बसता येतं. पण घेताना कोणत्या यंत्रासाठी घेता आहात ते बघा: स्विचसाठी घेतलेला माइनक्राफ्ट संगणकावर चालत नाही, तिथे तो पुन्हा विकत घ्यावा लागतो. संगणकावरच्या 'जावा' आवृत्तीतून कन्सोलवरच्या (स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स अशा यंत्रांवरच्या) मित्राबरोबर खेळता येत नाही, त्यासाठी 'बेडरॉक' आवृत्ती लागते.

बारा-तेराच्या पुढे चूक उलट बाजूने होते. माणसं फार लहान मुलांचा गेम देतात आणि मुलगी तोंडदेखलं हसून तो कपाटात ठेवते. या वयात आवड पक्की झालेली असते, तेव्हा तिलाच तीन नावं विचारा. त्यांतून आईवडिलांशी बोलून एक ठरवा. पंधराच्या पुढे तर खात्यात भरायचं गिफ्ट कार्ड अनेकदा सगळ्यात समंजस भेट ठरतं, फक्त ते योग्य देशाचं आणि योग्य दुकानाचं हवं.

भीतीबद्दल थोडं वेगळं सांगावंसं वाटतं, कारण इथे वयाचा अंदाज हमखास चुकतो. 'फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज'मधल्या अस्वलाची, सशाची मऊ खेळणी सहा वर्षांच्या मुलांच्या हातात दिसतात, पण मूळ गेम अंधारात अचानक अंगावर येणाऱ्या चेहऱ्यांचा आहे. खेळण्यावरून गेम ठरवू नका. जाहिरातीचा ट्रेलरही पुरेसा नाही. कोणी तरी तो गेम प्रत्यक्ष खेळतानाचा पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ बघा, आणि सुरुवातीचा नको, मधला कुठला तरी भाग बघा. गेमचा खरा स्वभाव तिथे दिसतो.

मुलाला फेफरं येण्याचा इतिहास असेल, तर झगमगणाऱ्या दृश्यांचा गेम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोक्याला लावायच्या व्हीआर संचांना वयाची वेगळी अट असते: प्लेस्टेशनचा संच बारा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, आणि मेटा क्वेस्ट या संचावर दहा ते बारा वर्षांच्या मुलांना पालकांनी चालवलेलं खातं लागतं.

गेम घेतल्यानंतरचा खर्च

गेम एकदा विकत घेतला की खर्च संपला, अशी समजूत अजून बऱ्याच जणांची आहे. आता निम्मं दुकान गेमच्या आत असतं. त्यातला सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. 'फिफा' मालिकेतल्या फुटबॉल गेमना पेगी वर्षानुवर्षे ३ हे रेटिंग देत आली, आणि त्याच गेममध्ये नशिबावरची खेळाडूंची पाकिटं विकली जात होती. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असं ठरवलं आणि २०१९ च्या सुरुवातीला तिथे ती पाकिटं घ्यायला लागणाऱ्या फिफाच्या पॉइंट्सची विक्री थांबली. ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२४ पासून, पैसे देऊन उघडायच्या पेट्या असलेल्या नव्या गेमना किमान 'एम' वर्ग मिळतो (तिथला 'एम' पंधरा वर्षांपुढच्यांसाठी सुचवलेला असतो, अमेरिकेतल्या 'एम'शी त्याचा संबंध नाही).

खोक्यावर 'इन-गेम पर्चेसेस' लिहिलेलं दिसलं, की पुढचे शब्दही वाचा. त्यात 'रँडम आयटम्स' असेल, तर नशिबाच्या पेट्या आहेत असं समजा. लहान मुलासाठी मी तरी असा गेम घेणार नाही. सगळा गेम एकाच किमतीत मिळतो असे भरपूर चांगले गेम उपलब्ध आहेत.

फुकट गेमसाठी पैसे भेट द्यायचे असतील, तर रक्कम ठरलेली हवी आणि घरच्यांचं कार्ड खात्याला जोडलेलं नको. 'फोर्टनाइट' काढणाऱ्या एपिक गेम्सने डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी (ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेशी) ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातले २४.५ कोटी, खेळणाऱ्यांकडून नको असलेली खरेदी करवून घेतल्याच्या आरोपाबद्दल होते. एक चुकीचं बटण दाबलं तरी पैसे जातात, अशी तक्रार होती. उरलेले मुलांच्या खासगी माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याबद्दल. मुलांसाठीही आवाजी गप्पा आधीपासूनच चालू ठेवल्याचा आक्षेपही त्याच प्रकरणात होता.

ऑनलाइन खेळायला मासिक किंवा वार्षिक वर्गणी लागते का, तेही आधी पाहा. कन्सोलवर विकत घेतलेले बहुतेक गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचे तर ती लागते. घरात वर्गणी नसेल आणि गेमची गंमतच ऑनलाइन असेल, तर वर्गणीही भेटीतच धरा.

अनोळखी माणसं

एका सोफ्यावर बसून खेळायचा गेम आणि जगभरच्या अनोळखी माणसांबरोबर खेळायचा गेम, या दोन फार वेगळ्या भेटी आहेत. दहा वर्षांखालच्या मुलासाठी पहिल्या प्रकारातलाच निवडा. 'ओव्हरकुक्ड'मध्ये दोघं-तिघं मिळून स्वयंपाकघर चालवतात आणि घरभर आरडाओरडा होतो. लेगोच्या बहुतेक गेममध्ये दुसरा खेळाडू मधूनच येऊ शकतो आणि मधूनच उठून जाऊ शकतो, त्यामुळे बाबा दहा मिनिटं बसले तरी चालतं. थोड्या मोठ्या मुलासाठी 'इट टेक्स टू' आहे, तो तर दोघांशिवाय खेळताच येत नाही. मात्र त्याची गोष्ट घटस्फोटाच्या वाटेवरच्या आईबापांची आहे. ज्या घरात हे दुखणं ताजं आहे, तिथे तो देण्याआधी थांबून विचार करा.

'रोब्लॉक्स'साठी पैसे मागितले, तर तो एक गेम नाही हे लक्षात घ्या. इतरांनी बनवलेल्या असंख्य गेमचा तो मंच आहे आणि प्रत्येकातला आशय वेगळा. तिथे पैसे भरण्याआधी आईवडिलांनी खात्यावरचं नियंत्रण बसवलं आहे का, ते विचारा.

बांधण्याआधी, आणि देताना

नवा कन्सोल देत असाल, तर तो आईवडिलांकडे एक-दोन दिवस आधी पोचवा. यंत्राचं अपडेट, गेमचं अपडेट, मुलाचं खातं, पालकाची संमती यांत काही तास सहज जातात, आणि वाढदिवसाच्या संध्याकाळी मुलाने टक्क्यांची पट्टी बघत बसावं यासारखं वाईट काही नाही. मुलाचं खातं खऱ्या जन्मतारखेनेच काढा. घाईत मोठ्यांची तारीख टाकली, की वयानुसारची सगळी बंधनं आपोआप निघून जातात आणि नंतर तारीख बदलायला त्रास होतो. खेळण्याचा वेळ, खरेदी आणि गप्पा यांवरची नियंत्रणं त्याच बैठकीत लावून घ्या. निन्टेन्डो, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन यांची पालकांसाठी वेगळी मोबाइल अ‍ॅप आहेत.

दोघांनी खेळायचा गेम देत असाल, तर घरात दुसरा कंट्रोलर आहे ना, हे विचारा. आणि शक्य असेल तर पहिला अर्धा तास स्वतः शेजारी बसा. तुम्हाला खेळता येत नसेल, तर मुलाला शिकवायला सांगा. मामाला किंवा आत्याला उडी मारायला शिकवताना मुलाला जो आनंद होतो, तो गेमपेक्षा कमी नसतो.

पावती जपून ठेवा आणि मुलाकडे तो गेम आधीच नाही ना, हे कळेपर्यंत खोक्याचं प्लास्टिक काढू नका, कारण उघडलेला गेम बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. डिजिटल भेटीचे नियम वेगळे असतात. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर पैसे परत मिळतात. मुलाने भेट स्वीकारली असेल, तर परतीची विनंती त्याच्या खात्यातून करावी लागते. प्लेस्टेशनच्या दुकानातही १४ दिवस मिळतात, पण गेम उतरवायला सुरुवात झाली की तो हक्क सहसा जातो. म्हणून तिथून गेम घेतला, तर डाउनलोडचं बटण दाबण्याआधी मुलाला नाव सांगा आणि तो हाच गेम ना, ते विचारून घ्या.